खडकाच्या सोंडा आणि तलावाचे पाणी : नवेगाव बांध ते प्रतापगड

शुक्रवार

नागपूर सोडून महामार्गाने पूर्वेकडे निघाले की भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडेपर्यंत पश्चिम विदर्भाच्या सगळ्या खुणा मागे पडलेल्या असतात. अमरावती-यवतमाळकडच्या माणसाच्या डोळ्यांना काळ्या कातळाची, सपाट माथ्याच्या डोंगरांची आणि कपाशीच्या रानांची सवय असते. तो लाव्ह्याचा कातळ नागपूरच्या आसपास संपतो आणि त्याच्या पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट, पट्टिताश्म यांसारख्या स्फटिकी खडकांचा प्रदेश सुरू होतो. येथले डोंगर सलग रांगेत न राहता सुटे सुटे, घुमटासारखे उठतात, त्यांच्या अंगावर गोलसर शिळांचे ढीग असतात आणि दोन डोंगरांमधली जमीन हलक्या उताराची, धानाला मानवणारी असते. जानेवारीत धान घरात आलेले असल्यामुळे बांध्यांमध्ये ओलाव्यावर पेरलेली लाखोरी आणि जवस तेवढी हिरवी होती.

साकोली आणि सौंदड मागे टाकून कोहमाऱ्याला आम्ही दक्षिणेकडे वळलो आणि दुपारी नवेगाव बांधला पोहोचलो. सोबत वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक स्नेही होते. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून येथेही तसेच लिहितो. या प्रवासात वाघ पाहणे हा हेतू नव्हता. डोंगर जेथे थेट पाण्यात उतरतो, त्या खडकाळ सोंडांवर आणि तलावातल्या बेटावर कोणते जीवन टिकून आहे आणि ते तेथेच का टिकले आहे, एवढेच आम्हाला पाहायचे होते.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळापासून भंडारा-गोंदियाच्या प्रदेशात तलाव बांधण्याची विद्या जोपासली, आणि आज ज्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात त्यांतील कित्येक त्यांच्या हातचे आहेत. सुमारे 11 चौरस किलोमीटर पसरलेला हा जलाशय पाहताना त्या विद्येचे मर्म लगेच लक्षात येते. सात बहिणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरांनी येथे पाण्याला जवळजवळ वेढून टाकले आहे. बांधणाऱ्याने डोंगरांनाच भिंत मानले आणि त्यांच्यामधली खिंड तेवढी मातीच्या पाळीने बुजवली. पाळीला लागून असलेल्या डोंगरावर कोलू पाटलांचे ठाणे आहे आणि लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. ज्याने पाणी अडवले त्याला देवपण देणारा हा समाज मला फार जवळचा वाटतो.

संध्याकाळी पाळीवरून चालत आम्ही एका डोंगरसोंडेच्या टोकापर्यंत गेलो. तेथे उतार संपत नाही, तो पाण्याखाली तसाच पुढे जातो. शिळा एकमेकींवर रेलून आहेत, त्यांच्यामधल्या भेगांत माती साचली आहे आणि तेवढ्या मातीवर कुल्लूची झाडे उभी आहेत. ज्याला काही ठिकाणी भुत्या किंवा कांडोळ म्हणतात ते हे झाड हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होते आणि त्याचे गुळगुळीत पांढरट खोड मावळत्या उजेडात दुरूनही ओळखू येते. सरांनी सांगितले की उथळ मातीचा, निचऱ्याचा आणि तापणारा खडक हीच त्याची आवडती जागा आहे. त्याच्या खोडातून मिळणारा कराया डिंक औषधनिर्मितीत वापरला जातो आणि त्या डिंकासाठी बेसुमार घाव घातल्यामुळे मध्य भारतात ही झाडे अनेक ठिकाणी विरळ झाली. या सोंडेवर मात्र कोवळ्या रोपापासून म्हाताऱ्या वृक्षापर्यंत सगळ्या वयाची झाडे दिसली, आणि त्याचे कारण डोळ्यांसमोरच होते: तेथे बैलगाडी जाऊ शकत नाही, नांगर तर मुळीच लागू शकत नाही.

अंधार पडताना शिळांच्या बाजूने खोल, घुमणारा आवाज आला. तो मत्स्यघुबडाचा होता. या घुबडाला मासे, खेकडे आणि बेडूक मिळतील असे पाणी लागते, आणि दिवसा लपायला त्या पाण्यालगतच कपारी किंवा दाट पानांचे मोठे झाड लागते. दोन्ही गोष्टी जवळजवळ असल्या तरच ते राहते. पक्षी दिसला नाही, परंतु त्याची जागा आम्हाला नेमकी कळली.

शनिवार

पहाटे धुके होते, त्यामुळे होडी निघायला वेळ लागला. आमचे नावाडी ढिवर समाजातील एक वयस्क गृहस्थ होते. पिढ्यान्‌पिढ्या या तलावांवर मासेमारी करणाऱ्या या समाजाला पाण्याखालची जमीन आपल्या अंगणाइतकी ठाऊक असते. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. तलावातल्या मालडोंगरी या बेटावर उतरता येईल का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितले, "हिवाळ्यात त्या अंगाला डोंगा लावत नाही जी. पाखरं एकदा उठली का दिवसभर बसत नाही." आम्ही बेटापासून बरेच अंतर राखून त्याला वळसा घालायचे ठरवले.

मालडोंगरी म्हणजे पाण्याने वेढलेली टेकडीच आहे. तलाव भरण्यापूर्वी ती बाकीच्या टेकड्यांसारखीच एक टेकडी असणार. वाऱ्याच्या बाजूला लाटांनी माती धुऊन नेल्यामुळे खडक उघडा पडला आहे, तर आडोशाच्या बाजूला झाडोरा दाट आहे, आणि या फरकाप्रमाणे पक्ष्यांनी बेट वाटून घेतले आहे. उघड्या खडकांवर पाणकावळे आणि सापमान्या पंख पसरून बसले होते. या पक्ष्यांची पिसे बदकांसारखी पाणी झटकून टाकत नाहीत, ती भिजतात. पाण्यात खोल बुडी मारण्यासाठी त्याचा उपयोग होतो, परंतु शिकारीनंतर अंग वाळवण्यासाठी ऊन आणि वारा लागणारी उघडी बैठक मिळालीच पाहिजे. सापमान्याला तर ही गरज अधिकच असते. चिखलाच्या सपाट काठावर अशी सुरक्षित बैठक नसते. तेथे कुत्री येतात, गुरे येतात, माणसे येतात. म्हणून पाण्यातला एखादा ओबडधोबड खडक या पक्ष्यांसाठी मासळीइतकाच महत्त्वाचा असतो.

दाट झाडांच्या बाजूला बगळ्यांची वस्ती होती. राखी बगळे उंच फांद्यांवर, मुग्धबलाक त्यांच्याही वर, आणि पाण्यावर झुकलेल्या एका वाळक्या फांदीवर राखी डोक्याचा मत्स्यगरुड बसलेला होता. मामांनी वल्हे थांबवले. तो गरुड बराच वेळ हलला नाही. मग फांदी सोडून पाण्यावर तिरका उतरला, पंज्यांनी पाणी ओरखडले आणि रिकामाच परत येऊन त्याच फांदीवर बसला. संथ, जंगलाने वेढलेले पाणी आणि त्याच्या काठावरचे मोठे वृक्ष अशी जागा या गरुडाला लागते, आणि पाण्याकाठचे मोठे वृक्ष सर्वांत आधी तोडले जातात, म्हणून हा पक्षी आता सहज दिसत नाही.

नदी सुरय या पक्ष्याबद्दल मामांनी सांगितलेली गोष्ट मला फार मोलाची वाटली. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा हा सुंदर पक्षी उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या बेटांवर आणि खडकाळ पट्ट्यांवर थेट जमिनीवर अंडी घालतो. पाणी फारच खाली गेले आणि बेटाला काठापासून वाट झाली, तर कुत्री व कोल्हे तेथे पोहोचतात आणि वीण वाया जाते. म्हणजे बेटाचे बेटपण हेच त्या पिल्लांचे संरक्षण आहे, आणि ते सिंचनासाठी किती पाणी कधी सोडले जाते यावर अवलंबून आहे. धानाला पाणी द्यायलाच हवे, याविषयी दुमत नाही. तथापि उन्हाळ्यात तलावात काही किमान पातळी राखली तर त्याचा लाभ मासळीला, पक्ष्यांना आणि पुढच्या वर्षीच्या मासेमारीलाही होतो.

बेटाच्या मागच्या अंगाला, मुख्य काठावरून आत आलेल्या एका बसक्या खडकावर मामांनी होडी टेकवली. त्या सपाट शिळेवर पाणमांजरांची विष्ठा पडलेली होती: काळपट, वाळलेली, आणि माशांच्या खवल्यांनी व काट्यांनी पूर्ण भरलेली. पाणमांजरांचे कुटुंब पाण्याकाठच्या ठराविक शिळांवर पुन्हा पुन्हा येऊन अशी खूण ठेवते, अंग घासते आणि ऊन खाते. इतर पाणमांजरांना तो हद्दीचा निरोप असतो. त्यांची बिळे खडकांच्या कपारीत किंवा काठावरच्या झाडांच्या मुळांखाली असतात. गुळगुळीत केसांचे हे पाणमांजर जागतिक पातळीवर असुरक्षित मानल्या गेलेल्या प्रजातींपैकी आहे. सर बराच वेळ गुडघ्यांवर बसून खवले निरखत होते. आम्ही तेथे बसलेलो असतानाच दूरच्या सोंडेपाशी पाणी हलले आणि डोकी वर आली, बुडाली, पुन्हा थोडी पुढे वर आली. ती रांगेने चालली होती, एकमेकांना बारीक शिट्टीसारखी साद घालत होती आणि मासळीला उथळ खडकाकडे रेटत होती. खडकाचा कोपरा हे त्यांचे जाळे होते. तो देखावा पाहून मामाही वल्हे मांडीवर ठेवून गप्प बसले होते. मासळीत वाटेकरी असलेल्या त्या प्राण्यांविषयी त्यांच्या बोलण्यात कुठेही राग नव्हता.

दुपारनंतर उथळ पाण्याच्या बाजूला गेलो. येथे कमळ, शिंगाडा आणि पाण्याखालच्या वनस्पतींचे पट्टे होते, आणि त्यांवरून लांब बोटांचे कमळपक्षी चालत होते. जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, अडई आणि थापट्या यांची गर्दी होती. मोठी लालसरी थोडीच होती. हे बदक बुडी मारून प्रामुख्याने पाण्याखालच्या वनस्पती खाते, म्हणून तलावाच्या तळाचे आरोग्य समजून घ्यायचे असेल तर त्याच्याकडे पाहावे. मामा म्हणाले की त्यांच्या लहानपणी हिवाळ्यात बदकांच्या थव्यांनी पाणी झाकले जात असे. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर अशी आठवण जुन्या माणसांकडून सर्वत्र ऐकू येते. तळाची गाळमाती, बेशरमच्या झुडपांचे आक्रमण, केवळ माशांच्या उत्पादनाकडे पाहून सोडलेल्या गवतखाऊ माशांनी फस्त केलेल्या पाणवनस्पती, अशी त्याची अनेक कारणे आहेत.

रविवार

हा दिवस जंगलाचा होता. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाची घोषणा 1975 मध्ये झाली आणि त्याचे क्षेत्र 133.88 चौरस किलोमीटर आहे. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही क्षेत्रे एकत्र करून व्याघ्र प्रकल्प करण्यात आला, आणि 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या वाघिणी नागझिऱ्याच्या भागात सोडण्यात आल्या. वाघ दिसला नाही. चितळ, सांबर आणि गव्यांचा एक कळप दिसला. गवे बांबूच्या बनातून शांतपणे चरत पुढे गेले.

माझे लक्ष डोंगराच्या वरच्या अंगाकडे अधिक होते. खाली ऐन, धावडा, बीजा, तेंदू आणि मोह यांचे जंगल आहे. चढ वाढून माती पातळ झाली की सालई आणि कुल्लू सुरू होतात आणि त्यांच्यामध्ये शिळांचे ढिगारे दिसू लागतात. वाटाड्याने दुरूनच एक ढिगारा दाखवून तेथे अस्वलाचा वावर असल्याचे सांगितले आणि गाडी लगेच पुढे घेतली. हे अगदी योग्य होते. अस्वलाची मादी हिवाळ्यात अशाच कपारीत पिल्लांना जन्म देते, पहिले काही आठवडे ती त्यांना सोडून फारशी दूर जात नाही, आणि पुढे पिल्ले तिच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागतात तेव्हा पहाटे मोह वेचायला जाणारी गावातली माणसे आणि त्याच झाडाखाली येणारी अस्वले समोरासमोर येतात. डोंगरावरची कपार अबाधित राहिली आणि तेथल्या बोरी, तेंदू व वारुळे यांवर अस्वलाचे पोट भरले, तर गावाजवळच्या या भेटी कमी होतील असे मला वाटते. वाटाड्याचेही हेच मत होते.

सायाळीचे काटे वाटेत पडलेले मिळाले. सरांनी ते जागच्या जागी राहू दिले.

सोमवार

सकाळी प्रतापगडाकडे निघालो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा डोंगर आसपासच्या सपाट धानपट्टीतून एकदम उठतो. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे फार मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या गावांतून लोक पायी येतात. आम्ही यात्रेच्या आधी गेल्यामुळे वाट मोकळी होती.

चढताना कातळाच्या उभ्या भिंतीवर, पुढे आलेल्या कड्याखाली, आग्या मोहोळाची पोळी लोंबकळताना दिसली. या मधमाश्या उघड्यावर एकच मोठे पोळे बांधतात, आणि पावसापासून व चढून येणाऱ्या प्राण्यांपासून सुरक्षित असा कडा त्यांना आवडतो. वर मधुबाज घिरट्या घालत होता. त्याच्या चेहऱ्यावरची पिसे दाट व खवल्यांसारखी असतात आणि ती त्याला दंशापासून वाचवतात. आम्ही आवाज न करता, कडेकडेने पुढे गेलो. यात्रेच्या दिवसांत या कड्याखाली धूर किंवा फटाके होऊ नयेत, याची काळजी घेतली गेली तर माणसांचेही रक्षण होईल आणि माश्यांचेही.

वरच्या सपाट कातळावर सरांना हवे होते ते मिळाले. उन्हाने वाळून, मुठी मिटल्यासारखी आखडलेली संजीवनी खडकाच्या खाचांत झुबक्या-झुबक्यांनी होती. मध्य भारतातल्या कोरड्या कातळांवर वाढणारी ही नेचेवर्गीय वनस्पती पाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरते आणि पाणी मिळाले की काही तासांत उलगडून हिरवी होते. सरांनी बाटलीतले पाणी एका झुबक्यावर ओतले. किल्ल्याचे अवशेष पाहून परतेपर्यंत त्याच्या कडा सैल होऊन आतली हिरवी बाजू दिसू लागली होती. ही वनस्पती बाजारात विकण्यासाठी मुळासकट खरवडली जाते, आणि खडकावरची ती बोटभर मातीही तिच्याबरोबर जाते. ती माती पुन्हा साठायला किती पावसाळे लागत असतील, याचा विचार विकत घेणाऱ्याने अवश्य करावा.

गडावरून गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचे पाणी दिसते. तो जलाशय नवेगावच्या मानाने फार तरुण आहे, परंतु तेथेही हेच घडले आहे: पाणी चढले, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरांची टोके सोंडा व बेटे होऊन उरली. दुपारी त्या काठाला उतरलो तेव्हा एका खडकाळ टोकापलीकडे पट्टकदंब हंसांचा छोटा थवा पाण्यावर होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी वीण करतात आणि हिमालय ओलांडून येथे हिवाळा काढतात. जवळच गोठणगावला सत्तरच्या दशकात वसवलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेथल्या एका दुकानात चहा घेताना आम्ही हंसांचा विषय काढला. दुकानातल्या आजींनी अगदी स्थानिक वळणाच्या मराठीत सांगितले की त्यांच्या वडिलांनी हे पक्षी तिकडच्या सरोवरावर पिल्लांसह पाहिले होते आणि येथे हे हंस पहिल्यांदा दिसले तेव्हा वडील बराच वेळ काठावर उभे राहिले होते.

मंगळवार

परतण्यापूर्वी मामांनी आम्हाला गावाबाहेरच्या एका बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, नेले. ढिवर बाया तेथे कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून बेशरमची झुडपे मुळासकट उपटत होत्या आणि काठावर ढीग करत होत्या. हे झुडूप वरून कापले तर पुन्हा दुप्पट फुटते, म्हणून मूळ निघालेच पाहिजे, आणि वाळल्याशिवाय ते पुन्हा पाण्यात पडता कामा नये. भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत अशा कामातून काही तलावांवर देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या आहेत, आणि जेथे त्या रुजल्या तेथे मासळी व पक्षी या दोन्हींत सुधारणा दिसली आहे. माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला या वनस्पती लागतात, एवढे साधे सूत्र त्यामागे आहे.

त्यांच्यातल्या एका मावशींनी बोडीच्या मध्यावर उभ्या असलेल्या दगडांच्या ढिगाकडे बोट दाखवले. बोडी खोल करताना यंत्राने हा खडक फोडून काढावा, असा विचार गावात पुढे आला होता. तो खडक राहू द्यावा, असे या बायांनी ग्रामसभेत आग्रहाने मांडले, कारण मरळ त्याच्या कपारीत राहते आणि उन्हाळ्यात पाणी आटले तरी त्या भोवतीच्या डोहात थोडी मासळी वाचते. त्यांचे म्हणणे मान्य झाले आणि खोदकाम खडकाला वळसा घालून झाले.

आता एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरले की काठाच्या ओल्या चिखलात पाणवनस्पतींचे कंद आणि रोपे लावायची आहेत. ती नवेगावच्या मोठ्या तलावातून, जेथे दाट आहेत तेथूनच, थोडी थोडी आणायचे ठरले आहे. पहिल्या पावसाने बोडी भरण्यापूर्वी मुळे चिखलात धरलेली असली पाहिजेत, नाहीतर रोपे तरंगून वर येतात. त्यासाठी सर मे महिन्यात आपले विद्यार्थी घेऊन येणार आहेत, आणि खडकाच्या सावलीकडच्या बाजूने लावणीला सुरुवात करायची, असे मावशींनी त्यांना सांगून ठेवले आहे.